चुंबकाला ओढणारा, पोटात स्फटिक असलेला काळा दगड: ओळख कशी पटवायची

प्रश्न थोडक्यात असा. बावधनला एका इमारतीच्या पायाच्या खोदकामातून निघालेल्या ढिगाऱ्यात मोसंबीएवढा दगड सापडला. वजन ६४० ग्रॅम. बाहेरून काळपट तपकिरी, हाताला गुळगुळीत. जुन्या स्पीकरमधलं चुंबक धाग्याला बांधून जवळ नेलं की किंचित ओढलं जातं. एका बाजूने दगड फुटलेला आहे आणि आत पोकळी दिसते. पोकळीच्या कडेला हिरवट साय, तिच्यावर निळसर पांढरा थर, आणि त्यावर फिकट गुलाबी पंख्यासारखे व काचेसारखे पारदर्शक टोकदार असे दोन प्रकारचे स्फटिक. ही उल्का आहे का, नसेल तर काय आहे, उरलेला भाग फोडून पाहावा का, आणि ॲसिडने धुवावा का?

आधी निकाल सांगतो. उल्का नाही. दख्खनच्या बेसाल्टातली, खनिजांनी अस्तर लागलेली ही पोकळी आहे. गुलाबी ते बहुधा स्टिलबाइट, पारदर्शक ते बहुधा ॲपोफिलाइट. फोडू नका, आणि ॲसिडच्या जवळही नेऊ नका. ‘बहुधा’ म्हणतोय, कारण नुसत्या वर्णनावरून आणि फोटोवरून पारदर्शक स्फटिकांच्या बाबतीत कॅल्साइट आणि क्वार्ट्झ ही दोन नावं खोडता येत नाहीत. ती घरच्या घरी, तासाभरात खोडता येतात. कशी, ते खाली आहे.

दगड ओळखताना लोक रंगापासून सुरुवात करतात. सुरुवात जागेपासून करायला हवी. पुणे शहर जवळजवळ सगळं बेसाल्टवर बसलं आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेले लाव्हाचे थर, ज्याला आपण काळा पाषाण म्हणतो. त्यामुळे इथे जमिनीतून मुळात निघू शकणाऱ्या गोष्टींची यादी फार छोटी आहे. ताजा काळा पाषाण, तो कुजून झालेला मुरूम, दोन थरांच्या मधली लाल माती, नदीकाठचा गाळ आणि त्यातली चुनखडी, आणि पाषाणाच्या पोकळ्यांत वाढलेली खनिजं. बस्स. गुलाबी ग्रॅनाइट, संगमरवर, शहाबादी फरशीचा तुकडा, अभ्रकाने चमचमणारा दगड असं काही पुण्यात सापडलं, तर ते ट्रकमधून आलेलं आहे. तेव्हा पहिला प्रश्न हा, की तुमचा दगड खड्ड्याच्या मूळ भिंतीतला आहे की वरच्या भरावातला? खाचांमध्ये मुरूम घट्ट बसला असेल आणि ढिगाऱ्यात विटांचे तुकडे, प्लास्टिक, सिमेंटचे गोळे नसतील, तर तो बहुतेक तिथलाच. तुमच्या दगडात फुटलेल्या कडेला काळा बेसाल्ट दिसतो आहे आणि पोकळी त्याच्या पोटात आहे, म्हणून हा प्रश्न इथे आपोआप सुटतो. सुट्टा, कडेला मूळ खडक न राहिलेला स्फटिक असता, तर मात्र तो जवळच्या दुकानातून पडलेला असण्याचीही शक्यता मोजावी लागली असती.

पोकळी येते कुठून, तेही समजून घ्या, कारण पुढची सगळी ओळख त्यावर उभी आहे. लाव्हा पसरताना त्यात विरघळलेला वायू बुडबुड्यांच्या रूपाने वर चढतो. थराचा वरचा भाग आधी थिजतो आणि बुडबुडे तिथे अडकतात. म्हणून प्रत्येक थराच्या माथ्याला खडक जाळीदार असतो आणि मधला भाग घट्ट. बुडबुडा मुगाच्या दाण्याएवढा असू शकतो, नाहीतर माणूस आत वाकून उभा राहील एवढाही. नंतर लाखो वर्षं खडकातून झिरपणारं गरम पाणी त्या पोकळ्यांत सिलिका, कॅल्शियम, ॲल्युमिनियम सोडून जातं आणि भिंतींवर एकेक थर चढत जातो.

उल्केचा संशय इथेच मोडतो. पाण्यातून वाढलेल्या स्फटिकांची पोकळी उल्केत असत नाही. उल्का आतून भरीव असते, बुडबुडे जवळजवळ नसतातच. दुसरा पुरावा वजनाचा. मोसंबीएवढ्या दगडाचं आकारमान २५० घन सेंटिमीटरच्या आसपास येतं. नेहमीच्या दगडी उल्केची घनता पाण्याच्या ३.२ ते ३.८ पट, म्हणजे तेवढ्या आकाराची उल्का ८०० ते ९५० ग्रॅम भरली असती, आणि लोखंडी असती तर पावणेदोन किलोच्या वर. तुमचा दगड ६४० ग्रॅमचा आहे. राहिलं चुंबक. इथे पुण्यातले संग्राहक हमखास फसतात. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट या लोखंडाच्या चुंबकीय खनिजाचे बारीक कण असतातच, त्यामुळे पर्वतीच्या पायऱ्यांजवळचा कुठलाही काळा खडा धाग्यावरच्या चुंबकाला थोडा हलवतो. ‘चुंबक ओढतं, म्हणजे उल्का’ हा नियम राजस्थानच्या वाळूत काही कामाचा असेल, इथे नाही. इथे चुंबक फक्त नकार देण्यासाठी वापरावं: अजिबात ओढलं गेलं नाही, तर उल्केची शक्यता जवळपास संपली.

बाहेरची काळी गुळगुळीत साल पाहूनही घोटाळा होतो. हवेतून जळत येताना उल्केला जे वितळलेलं कवच चढतं ते जेमतेम एक मिलिमीटरचं असतं आणि आतल्या दगडापासून धारदार रेषेने वेगळं दिसतं. २०१२च्या मे महिन्यात नागपूर जिल्ह्यात काटोलला पडलेल्या उल्कांचे तुकडे बाहेरून काळे आणि आतून फिकट करडे होते. बेसाल्टची साल उलट असते. ती गंजण्याची साल आहे, आत मिलिमीटर दोन मिलिमीटरपासून बोटभरापर्यंत हळूहळू विरत जाते आणि आतला खडक सालीपेक्षा काळा निघतो. फुटलेली कड दहापट भिंगातून पाहिलीत की एका नजरेत कळेल.

उल्केपेक्षा पुण्यात कितीतरी जास्त सापडणारी गोष्ट म्हणजे भट्टीची मळी, कारखान्यांच्या भाषेत स्लॅग. पिंपरी-चिंचवड आणि भोसरीकडच्या फाउंड्र्यांमधून निघालेली मळी वर्षानुवर्षं रस्त्यांच्या आणि प्लॉटच्या भरावात गेली आहे. ती काळी असते, चुंबकाला ओढते, पोकळ्याही असतात. फरक पोकळीच्या आत बघायचा. मळीतला बुडबुडा रिकामा असतो आणि त्याची भिंत काचेसारखी चकचकीत असते. बेसाल्टातला बुडबुडा बहुधा भरलेला तरी असतो, नाहीतर निदान हिरव्या-पांढऱ्या सालीने मढलेला. मळीवर साईसारख्या सुरकुत्या, गंजाचे ठिपके, लोखंडाचे गोल मणी, चिकटलेली वाळू दिसते. निळी-हिरवी काच निघाली तर लोक तिला ऑब्सिडियन, म्हणजे ज्वालामुखीची नैसर्गिक काच, म्हणून जपून ठेवतात. दुसरी एक गंमत: चांदीसारखा चमकणारा, ठिसूळ आणि त्या चमकेच्या मानाने हलका ढेकूळ सापडला, तर तो चांदीही नाही आणि शिशाचं खनिजही नाही. फाउंड्रीत वापरलं जाणारं सिलिकॉन किंवा फेरोसिलिकॉन आहे असं आधी गृहीत धरा. तुमच्या दगडात स्फटिक आहेत, म्हणून मळी बाद.

आता घरच्या चाचण्या. सामान असं: दहापट भिंग, धाग्याला बांधलेलं चुंबक, स्टीलचा चाकू, लोखंडी खिळा, जाड तांब्याची तार, काचेच्या बाटलीचा तुकडा, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, पांढरं व्हिनेगर, चिमटा, संरक्षक चष्मा. बोहरी आळीत भिंगासकट बहुतेक सगळं मिळेल. एक गोष्ट मात्र पाळा. चाचणी कधीही उभ्या, सुंदर स्फटिकावर करायची नाही. फुटलेल्या कडेला किंवा दगड ज्या पिशवीत आणला तिच्या तळाशी कण पडलेले असतील. तांदळाच्या दाण्याएवढे चार-पाच कण पुरतात.

घनता मोजणं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात दुर्लक्षित. दगड कोरडा करून वजन करा. मग काट्यावर पाण्याचं पातेलं ठेवून काटा शून्यावर आणा. दगड बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला आणि कडांना टेकू देऊ नका. काटा आता जो आकडा दाखवेल तो दगडाने बाजूला सारलेल्या पाण्याचा. पहिल्या वजनाला त्याने भागा. ६४० ला समजा २४६ ने भागलं तर २.६ आले. घट्ट बेसाल्ट २.८ ते ३.० असतो, स्टिलबाइट २.२च्या आसपास, ॲपोफिलाइट २.३ ते २.४, क्वार्ट्झ २.६५, कॅल्साइट २.७१. म्हणजे निम्मा-अर्धा बेसाल्ट आणि बाकी हलकी खनिजं असलेल्या दगडाला २.५ ते २.७ हे उत्तर अपेक्षित आहे. चूक कुठे होते? पोकळीत हवा अडकते आणि घनता खोटी कमी येते. म्हणून दगड आधी दहा मिनिटं पाण्यात ठेवा, पाण्यात असतानाच पोकळीचं तोंड वर करून हलक्याने हलवा आणि मगच मोजा. काटा एक ग्रॅमचे टप्पे दाखवत असेल, तर पन्नास ग्रॅमखालच्या दगडासाठी ही पद्धत विसरा; सोनाराकडचा काटा लागेल. आणि पोकळीत केसांसारखे बारीक तंतू असतील तर मुळीच बुडवू नका, ते ओले झाले की चिकटतात आणि पुन्हा उभे राहत नाहीत.

मग कठिनता, म्हणजे ओरखड्याला दगड किती दाद देत नाही ते, एक ते दहाच्या मापात. पारदर्शक कणाची धार बाटलीच्या काचेवर दाबून ओढा आणि ओल्या बोटाने पुसून बघा. पुसल्यावरही ओरखडा राहिला तर तो क्वार्ट्झ, कठिनता ७. पुसला गेला, तर ओरखडा काचेवर नव्हता, कणाचीच भुकटी होती. ही पुसण्याची पायरी गाळणारे लोक कॅल्साइटलासुद्धा ‘काच कापणारा’ ठरवतात. ॲपोफिलाइट साडेचार ते पाच: काच कापत नाही, तांब्याच्या तारेला दाद देत नाही, खिळा जेमतेम खुणावतो, चाकू ओरखडतो. कॅल्साइट तीन: खिळ्यानेही सहज ओरखडला जातो, तांब्याची तार त्याच्या बरोबरीची. स्टिलबाइट साडेतीन ते चार, तोही खिळ्याखाली येतो.

तिसरी चाचणी व्हिनेगरची. एक कण चमच्याच्या पाठीने चुरडा, त्या भुकटीवर व्हिनेगरचा थेंब टाका आणि भिंगातून पाहा. कॅल्साइट असेल तर बारीक बुडबुडे सुटत राहतात. लिंबाच्या रसानेही होतं. इथली नेहमीची चूक अशी की स्फटिकावर कॅल्साइटचा पातळ थर बसलेला असतो. क्षणभर फसफसतं आणि थांबतं, कण तसाच राहतो. तसं झालं तर खालचं खनिज कॅल्साइट नाही. प्रयोगशाळेतलं दहा टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल मिळालं तर निकाल लगेच लागतो, पण या कामाला त्याची गरज नाही. संडास साफ करायच्या निळ्या द्रवाने कृपा करून करू नका. त्यातला रंग आणि चिकटपणा बुडबुडे दिसू देत नाहीत.

चौथी चाचणी जुनी आणि मजेदार. स्वीडनच्या क्रोनस्टेट यांनी १७५६ मध्ये अशा एका खनिजाचा कण तापवला तेव्हा तो फेसाळून फुगला, म्हणून त्यांनी या कुटुंबाला ‘उकळणारा दगड’ या अर्थाचं झिओलाइट हे नाव दिलं. दोन मिलिमीटरचा कण चिमट्यात धरून गॅसच्या ज्योतीच्या कडेला न्या. डोळ्यांवर चष्मा असलाच पाहिजे, कारण कण तडकून उडतात. स्टिलबाइट पांढरं होऊन पोह्यासारखं फुगतं. ॲपोफिलाइटचे पापुद्रे सुटतात, त्याच्या नावाचा ग्रीक अर्थच तो आहे. क्वार्ट्झ फुगत नाही. कॅल्साइटही फुगत नाही, पण तडतडतं, आणि त्या तडतडण्यावरून त्याला झिओलाइट ठरवू नका. जाता जाता: ॲपोफिलाइट झिओलाइटांच्या सोबतीने राहतं, पण काटेकोरपणे त्या कुटुंबातलं नाही. दुकानदार सगळ्यालाच झिओलाइट म्हणतात, म्हणू द्या.

बाथरूमच्या टाइलच्या पाठीवर घासून कस, म्हणजे उमटणाऱ्या रेघेचा रंग, पाहण्याची चाचणी पुस्तकांत पहिली असते. तुमच्या स्फटिकांसाठी ती बिनकामाची आहे, सगळ्यांचाच कस पांढरा येतो. काळ्या, जड, धातूसारख्या खड्यांसाठी मात्र जरूर करा. हेमॅटाइट विटकरी रेघ देतं, मॅग्नेटाइट काळी. टाइल पांढऱ्या मातीची घ्या, लाल पाठीची स्वस्त टाइल स्वतःच विटकरी रेघ देते.

चाचण्यांपेक्षाही जास्त बोलतो तो आकार, फक्त भिंग धरून शांतपणे बघायला हवं. पारदर्शक स्फटिकाकडे बरोबर टोकावरून पाहा. टोकाशी चार पैलू मिळत असतील आणि खांब चौकोनी असेल, तर ॲपोफिलाइट. सहा पैलू असतील तर क्वार्ट्झ. आणखी एक खूण: ॲपोफिलाइटचे टोकाचे पैलू खांबाच्या सपाट बाजूंवर बसत नाहीत, त्याच्या कोपऱ्यांवर बसतात, जणू चौकोनी पेटीचे कोपरे तिरके कापलेत. खांबाच्या बाजूंवर उभ्या बारीक रेषा असतात. क्वार्ट्झवर त्या आडव्या. एखादं टोक सपाट तुटलेलं असेल तर तिथे मोत्यासारखी चमक दिसेल आणि बाजूंना काचेसारखी. एकाच स्फटिकावर दोन चमका दिसल्या की मला पुढची चाचणी करावीशी वाटत नाही. कॅल्साइट तुटतं ते तिन्ही दिशांनी तिरक्या चौकटींत, आणि त्याच्या पारदर्शक तुकड्यातून छापील अक्षर पाहिलं तर दोन दिसतात.

गुलाबी पंखे हे मधे आवळून बांधलेल्या गवताच्या पेंढीसारखे असतील, म्हणजे दोन्ही टोकांना फुललेले आणि कमरेत बारीक, तर स्टिलबाइट. ह्यूलंडाइटही गुलाबी-केशरी असतं, मोत्याची चमकही असते, पण त्याचा एकेक स्फटिक सुटा, जाडसर, मधे फुगीर आणि टोकांना निमुळता असतो. पेंढी बांधत नाही. स्कोलेसाइट असेल तर सुयांची चक्रं दिसतील. स्टिलबाइट आणि त्याचं भावंड स्टेलेराइट यांच्यात मात्र भिंगाने फरक करायला जाऊ नका, तिथे यंत्रच लागतं.

आता खालचे थर वाचा. कडेची हिरवी साय म्हणजे सेलाडोनाइट किंवा तत्सम हिरवी माती, ती सगळ्यात आधी बसली. तिच्यावरचा निळसर पांढरा, मेणचट थर कॅल्सेडनीचा, म्हणजे अकीक आणि गारगोटीच्या जातीचा. त्याच्यावर स्टिलबाइट, आणि त्याच्यावर चढलेलं ॲपोफिलाइट. कॅल्साइट असेल तर बहुधा सगळ्यात वर, शेवटी आलेलं. पश्चिम महाराष्ट्रात हा क्रम साधारण असाच सापडतो, काही थर गळतात, काही पुन्हा येतात. कोणता स्फटिक कोणाच्या अंगावर उभा आहे ते टिपून ठेवा. ‘टोकदार पारदर्शक’ स्फटिक कॅल्सेडनीतूनच सरळ वर वाढलेले, मधे सीमारेषा नाही, असं दिसलं तर क्वार्ट्झचा संशय पुन्हा जागा करा.

बावधन पाषाणला लागून आहे, ही गोष्ट इथे महत्त्वाची. जगभरच्या संग्रहांत हिरव्या ॲपोफिलाइटच्या लेबलांवर ‘पाषाण, पूना’ असं लिहिलेलं आढळतं. तो हिरवा रंग व्हॅनेडियममुळे येतो. तुमचे पारदर्शक स्फटिक पांढऱ्या कागदावर, दिवसाच्या उजेडात ठेवून पाहा. किंचित हिरवी झाक असेल तर ती स्फटिकाची स्वतःची आहे की मागची हिरवी माती त्यातून दिसते आहे, हे बाजूने पाहून ठरवा. बहुतेक वेळा मातीच असते.

निळ्या रंगाबद्दलही लोक विचारतात, म्हणून सांगून टाकतो. वाघोलीच्या खाणींमधलं कॅव्हन्साइट हे पुण्याचं सगळ्यात नावाजलेलं खनिज. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट या तीन शब्दांची सुरुवात जोडून ते नाव झालं. ते पहिल्यांदा वर्णिलं गेलं १९७३ मध्ये, अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या नमुन्यांवरून, पण नाव झालं ते वाघोलीमुळे. त्याचा निळा गडद असतो आणि बारीक पात्यांची फुलं किंवा गोळे पांढऱ्या स्टिलबाइटवर बसलेले असतात. तुमचा निळसर पांढरा थर ते नव्हे. आणि सरसकट जांभळ्या, गुलाबी, निळ्या कापसासारखी पोकळी विकायला आली तर ते रंगवलेलं ओकेनाइट समजा. खरं ओकेनाइट पांढरं असतं. कापसाच्या बोळ्याला ॲसिटोन लावून कोपऱ्यात टेकवला की रंग बऱ्याचदा उतरतो.

फोडावा का? नको. स्टिलबाइट आणि ॲपोफिलाइट दोघांनाही एका दिशेने अगदी सहज सुटणारं पाटन आहे, म्हणजे त्या पातळीवर ते पत्त्यांसारखे विलग होतात. बेसाल्टवर हातोडीचा घाव बसला की धक्का पोकळीत जातो आणि सगळ्यात सुंदर स्फटिक सगळ्यात आधी मुळातून सुटतात. बेसाल्ट शाबूत आणि पोकळी रिकामी, असा दगड हातात उरतो. कड ओबडधोबड आहे म्हणून सपाट करायचीच असेल, तर पाण्याची धार सोडून हिऱ्याच्या पात्याने कापून देणाऱ्या दगड कारागिराकडे न्या आणि पोकळी आधी ओल्या टिश्यूने हलकी भरून घ्या. कोरडं ग्राइंडर चालवू नका. धूळ फुप्फुसात जाते, आणि तंतुमय खनिजांच्या बाबतीत हा धोका जास्त गंभीर आहे. एरिओनाइट हे तंतुमय झिओलाइट कर्करोगकारक म्हणून गणलं जातं.

धुण्यासाठी साधं पाणी, थेंबभर भांडी घासायचा साबण आणि मऊ टूथब्रश. मुरूम निघत नसेल तर रात्रभर भिजवा, दुसऱ्या दिवशी पिचकारीने धार मारा, घाई झाली तर टोकं तुटतात. आम्लाने स्टिलबाइट आणि ॲपोफिलाइट दोन्ही कुरतडले जातात. कॅल्साइट निघून जावं म्हणून आम्लात टाकलेल्या नमुन्यांची काच दुधी होते आणि ती चमक परत येत नाही. गंजाचे डाग काढायला ऑक्झॅलिक आम्ल सुचवतील. ते क्वार्ट्झसाठी ठीक, इथे नाही. उन्हात किंवा हीटरसमोर वाळवू नका, सावलीत दोन दिवस ठेवा. एक अपवाद लक्षात ठेवा. पांढऱ्या, चौकोनी, खडूसारख्या काड्यांचे झुबके दिसले तर ते लॉमोंटाइट असू शकतं. ते कोरड्या हवेत स्वतःचं पाणी सोडतं आणि काही महिन्यांत हाताला लागेल तिथे पीठ होतं. ते बंद डब्यात ओलसर ठेवतात.

ठेवताना कापूस वापरू नका, तंतू टोकांत अडकतात. फोमचा तुकडा किंवा गुंडाळलेला टिश्यू पुरतो. दगडाच्या काळ्या पाठीवर पांढऱ्या नेलपॉलिशचा ठिपका देऊन त्यावर क्रमांक लिहा आणि वहीत त्या क्रमांकासमोर तारीख, जीपीएसचे आकडे, जमिनीखाली अंदाजे किती मीटरवरून आला, आणि सोबतचा खडक जाळीदार होता की घट्ट, हे लिहा. ‘पुणे’ एवढंच लिहिलेल्या नमुन्याला अभ्यासकाच्या लेखी फारशी किंमत उरत नाही.

पैशातल्या किमतीबद्दल: ॲपोफिलाइट आणि स्टिलबाइटची जोडी आपल्याकडे मुबलक आहे. भाव ठरतो तो टोकं न तुटलेली असण्यावर, चमकेवर आणि मांडणीवर. मोसंबीएवढ्या, एका बाजूने फुटलेल्या दगडाला संग्राहकाच्या कपाटात जागा आहे, सराफाच्या तिजोरीत नाही.

खात्रीच हवी असेल तर विद्यापीठाच्या किंवा फर्ग्युसन महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागात आधी विचारून जा. अख्खा दगड दाखवायला न्या, पण चाचणीसाठी प्रत्येक खनिजाचे कण वेगवेगळ्या पुड्यांत, पुडीवर नाव घालून द्या. क्ष-किरण विवर्तनाला, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिकाची आतली रचना ओळखण्याच्या चाचणीला, ग्रॅमभर किंवा त्याहूनही कमी भुकटी लागते आणि स्टिलबाइट-स्टेलेराइटसारखे वाद तिथे मिटवता येतात. बेसाल्टचा तुकडा दिलात तर त्याचा ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतो. ‘उल्का आहे का ते सांगा’ असं म्हणत जाण्यापेक्षा घनता, कठिनता आणि व्हिनेगरचे निकाल कागदावर लिहून न्या, समोरचा माणूस जास्त वेळ देईल.

जाता जाता, याच परिसरात पुन्हा काही सापडेल म्हणून चार-पाच गैरसमज. कांद्याच्या पापुद्र्यांसारखे सुटणारे गोल काळे धोंडे म्हणजे डायनोसॉरची अंडी नव्हेत, बेसाल्ट कोपऱ्यांकडून कुजत आला की असाच गोल होतो. बोटाएवढ्या जाडीच्या, उभ्या, पांढऱ्या खनिजाने भरलेल्या नळ्या म्हणजे मुळांचे जीवाश्म नव्हेत, लाव्हाच्या तळातून वर गेलेल्या वायूच्या वाटा आहेत. मंचरकडच्या काही थरांत काळ्या दगडात बोटाच्या पेराएवढ्या फिकट पट्ट्या दिसतात, त्यांना हाडं समजतात. ते फेल्डस्पारचे मोठाले स्फटिक आहेत. कॅल्सेडनीतली काळी झाडं मॅंगनीजची नक्षी असते. आणि कुकडीकाठी बोरीजवळ किंवा कऱ्हेकाठी मोरगावजवळ गाळात फिकट, पिठासारखा हलका थर दिसला तर त्याला चुना म्हणून सोडू नका. ती ज्वालामुखीची राख आहे, पण दख्खनची नाही. सुमात्रा बेटावरच्या तोबा ज्वालामुखीची. ती हलवू नका, जागेवरच फोटो काढा.

टेकड्यांवर, किल्ल्यांवर आणि लोणारला हातोडी नको. लोणार अभयारण्य आहे, आणि वेताळ टेकडीवरचा खडकही तोडायचा नाही. खाणीत परवानगीशिवाय जाऊ नका. सुरुंगाची वेळ बाहेरच्याला माहीत नसते आणि ताज्या फोडलेल्या भिंतीतून दगड तासन्‌तास सुटत राहतात. खोदकामाचा ढिगारा, तोही मुकादमाला विचारून, ही पुण्यातल्या संग्राहकासाठी सगळ्यात बरी जागा आहे. बावधनचा तो खड्डा अजून उघडा असेल तर याच आठवड्यात जा आणि भिंतीत जाळीदार खडकाचा पट्टा किती खोलीवर आहे ते मोजून वहीत लिहा. स्लॅब पडला की ते कायमचं झाकलं जाईल.